मॅडमना पटेल असं

आमच्या खोऱ्यात माणसाचं मत लपून राहत नाही. सकाळच्या चहाला कोण कुणाच्या ओट्यावर बसतं यावरून ते कळतं, लग्नपत्रिकेत प्रमुख उपस्थिती म्हणून कुणाचं नाव आधी छापलंय यावरून कळतं, सोसायटीच्या निवडणुकीत कुणी कुणाच्या पॅनेलची पत्रकं वाटली यावरून तर कळतंच कळतं. निमगाव सावा हे जुन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाचं, कुकडीच्या पाण्यावर जगणारं गाव. इथे राजकारण वर्तमानपत्रातून येत नाही, पाटातून वाहत येतं. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे ही धरणांची नावं इथल्या पोरांना कानावर पडून पडून पाठ होतात. आणि आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, टेलपर्यंत पोचणार की मधेच आटणार, या प्रश्नांना घराचं वर्षभराचं अन्न, मुलीचं लग्न, मुलाची फी टांगलेली असते. रात्रीची थ्री-फेज वीज, उसात दडलेला बिबट्या, अंधारात बॅटरी घेऊन पाण्याची दारं धरायला निघालेला बाप आणि त्याच्या परतीच्या चाहुलीवर कान ठेवून जागी असलेली आई, अशा घरांमधून उठून मुलं माझ्या वर्गात येतात. मत घेऊनच येतात.

मीही घेऊनच जाते.

माझ्या माहेर-सासरात एका नदीचं आणि दोन झेंड्यांचं अंतर आहे. वडिलांच्या ओसरीवर जे नाव आदराने घेतलं जायचं, तेच सासऱ्यांच्या ओसरीवर निघालं की सुपारी कातरणारा अडकित्ता क्षणभर थांबायचा. पुढे २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी काँग्रेस फुटली आणि सख्ख्या भावांच्या दारांवरही हळूहळू वेगळी चिन्हं दिसू लागली, एकीकडे घड्याळ, दुसरीकडे तुतारी. जत्रेच्या पंगतीत मात्र तेच भाऊ मांडीला मांडी लावून बसले आणि वाढणाऱ्या सुनांनी दोघांच्याही पानात सारखीच बुंदी वाढली. बाईमाणसाला ही सवय लवकर लागते. एका घराचं मीठ अंगात आणि दुसऱ्या घराचं कुंकू कपाळावर घेऊन जगताना तिला दोन्हीकडचं बोलणं समजतं, दोन्हीकडचा राग समजतो, कुणाला नेमकं कुठे दुखतं तेही समजतं. तिला स्वतःचं मत नसतं असं नाही. फार असतं. पण ते बोलण्याआधी समोरच्या पानात वाढून व्हायचं असतं.

राज्यशास्त्र शिकवायला उभी राहिले ती हे सगळं पदराला बांधूनच. आमच्या वर्गाच्या खिडक्या उगवतीला उघडतात. कार्तिकात पहिल्या तासाला उन्हाची तिरपी पट्टी फळ्यावर येते, मग हलके हलके खाली उतरते, भिंतीवरून बाकांवर, बाकांवरून वह्यांवर, लिहिता लिहिता थबकलेल्या एखाद्या पेनावर. पहाटे कांद्याची लागण करून आलेल्या मुलींच्या हातांना अजून ओल्या मातीचा आणि कोवळ्या पातीचा वास असतो. एसटी उशिरा आली म्हणून दारात उभं राहिलेलं कुणीतरी नजरेनेच आत यायची परवानगी मागतं. अशा उजेडात, अशा वासात मी फळ्यावर न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता लिहिते. खडूची धूळ उन्हात सोन्यासारखी तरंगते. आणि पाठीमागे बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की या बाईंचं घर कुणाचं आहे, या बाईंचा भाऊ कुणाच्या प्रचाराला फिरतो, आणि गेल्या निवडणुकीत या बाईंनी बहुधा कुठलं बटण दाबलं.

शहरातल्या प्राध्यापकांना हे ओझं कदाचित इतकं जाणवत नसेल. तिथे वर्ग संपला की विद्यार्थी आणि शिक्षक गर्दीत विरघळून जातात. मत झाकून शिकवायचं म्हटलं तर तिथे झाकता तरी येतं. इथे झाकणार काय? म्हणून मला फार लवकर उमगलं की माझी निःपक्षपातीपणाची वाट झाकण्यातून जाणारी नाही. ती दुसरीकडून कुठून तरी शोधावी लागणार.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शिक्षकांसाठी एक आचारसंहिता आहे. विद्यार्थ्याचा धर्म, जात, लिंग, त्याची राजकीय, आर्थिक, सामाजिक ओळख काहीही असो, त्याच्याशी न्यायाने आणि पक्षपात न करता वागावं, असं ती सांगते. स्वतःचं मत मांडायचा विद्यार्थ्याचा हक्क आणि त्याची प्रतिष्ठा जपावी, असंही सांगते. सरकारी भाषेतली ती ओळ वाचताना मला कधी कोरडी वाटली नाही. राजकीय हा शब्द तिथे जातीधर्माच्या रांगेत बसवलेला पाहून उलट बरं वाटतं, कारण आमच्याकडे तो खरोखरच त्या रांगेतला आहे, जन्मासोबत आलेला, घराच्या उंबऱ्यासारखा. पण नियम शिक्षकाच्या वागण्याबद्दल बोलतो. शिक्षक वागण्याच्या आधीच मुलाच्या मनात जे घडून गेलेलं असतं, तिथे नियम पोचत नाही.

तिथे काय घडतं ते मला व्हरांड्यातल्या एका वाक्याने कळलं. परीक्षेचे दिवस होते. एक मुलगी घाबरलेल्या मैत्रिणीला धीर देत होती. अगदी मायेने म्हणाली, "काही नाही गं, मॅडमना पटेल असं लिही. मार्क पडतात."

त्या वाक्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, टोमणा तर मुळीच नव्हता. पावसात जाणाऱ्याला सहज छत्री द्यावी तसं ते दिलेलं होतं. म्हणूनच ते आत गेलं. मी कुणाचे मार्क कापले नव्हते, कुणाला मतावरून हिणवलं नव्हतं, तरीही कुणीतरी माझ्यासाठी आपलं मत घडी घालून दप्तराच्या तळाशी ठेवत होतं. एका विचाराने जन्म घेतला होता आणि मला दिसायच्या आत तो मागे फिरला होता.

अन्याय असाही होतो. काहीच न करता.

उन्हाळ्यात कॅपला, म्हणजे विद्यापीठाच्या मध्यवर्ती तपासणीला, पेपर तपासायला बसलं की गोष्ट वेगळी असते. तिथे बारकोड लावलेले गठ्ठे असतात, पंखे घरघरतात, माठातलं पाणी कोमट होत जातं. पुणे, अहिल्यानगर, नाशिक अशा तीन जिल्ह्यांमधून कुठल्याही बाकावरून आलेलं एक अक्षर माझ्यासमोर उलगडतं. त्याला नाव नसतं, आडनाव नसतं, गाव नसतं. तरी चेहरा हळूहळू उमटतोच. कुठे प्रमाण भाषेच्या कुंपणातून एखादा घरचा शब्द डोकावतो, कुठे समासात काढलेलं मोरपीस, कुठे घाईने खोडलेलं आणि तरी वाचता येणारं वाक्य. कधीतरी एखादं उत्तर माझ्या विचाराच्या अगदी उलट दिशेने, पण तोल सांभाळून, पुरावे देत चालत जातं. ज्या नेत्याला मी आयुष्यात कधी मत देणार नाही त्याची बाजू तो अनामिक हात इतक्या समजुतीने मांडतो की लाल पेन हवेत थांबतं. मला त्या हाताचा हेवा वाटतो. त्याला माझी भीती नाही. त्याच्या आणि माझ्या मधे बारकोड आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना तो आसरा नाही. अंतर्गत गुण नावानिशी, आडनावानिशी, डोळ्यांत डोळे घालून द्यायचे असतात. बारकोड गुणांचं रक्षण करू शकतो. धाडस कुठून आणायचं, हे त्याला ठाऊक नसतं.

निमगावहून फार लांब नाही, तिकडे आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी आहे. पैठणच्या विद्वानांपुढे ज्याच्या मस्तकावर ज्ञानदेवांनी हात ठेवला आणि ज्याच्या मुखातून वेद उमटले, तो परतीच्या वाटेवर इथे विसावला, असं परंपरा सांगते. लहानपणापासून मी तिथे गेलेली आहे. गाभाऱ्यातला थंडावा, उदबत्तीचा धूर, आणि मनात तोच प्रश्न, त्या मुक्या जिवाला स्वतःच्या तोंडून शब्द फुटताना काय वाटलं असेल? शिक्षक झाल्यावर मात्र प्रश्न उलटला. ज्ञानदेवांनी हात ठेवला तो, ज्याला कुणी आत्मा आहे असं मानत नव्हतं त्याच्यातला आत्मा सगळ्यांना दिसावा म्हणून. त्या हातात करुणा होती. माझ्या हातात गुण आहेत. माझा हात एखाद्या मुलाच्या मस्तकावर असताना त्याच्या तोंडून माझीच वाक्यं यायला लागली, माझ्याच लकबीने, माझ्याच विरामांसह, तर त्याला काय म्हणायचं? लोक कौतुक करतात, मुलं किती छान तयार केलीत मॅडम. मला मात्र समाधीसमोर उभं राहून हळूच विचारावंसं वाटतं, महाराज, वेद बोलून झाल्यावर तुम्हाला तुमचं स्वतःचं काही बोलायचं होतं का?

डिसेंबर २०२३ ची ८ तारीख आठवते. केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ती बंदी पुढे ४ मे २०२४ पर्यंत उठली नाही, आणि उठली तेव्हा शिरूर लोकसभेचं मतदान अवघ्या काही दिवसांवर, १३ मेला होतं. त्या हिवाळ्यात भाव कोसळले आणि आमच्या वर्गाचा आवाजच बदलला. मुलं हसेनात. डबे उघडले जायचे, पण जेवणं गप्प व्हायची. राज्यसंस्था आणि बाजार हा घटक त्याच आठवड्यात शिकवायचा होता. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि पुस्तकातला एकही शब्द न वापरता बोलला. रोप, लागण, खुरपणी, औषध, काढणी, गोण्या, गाडीभाडं, हमाली, तोलाई. एकेक खर्च तो असा सांगत गेला की जणू घरातल्या आजारी माणसाचे दिवस मोजतोय. वर्ग पेटला. मीही त्याच मातीची. माझ्याही घरचा कांदा त्याच बाजारात गेला होता. त्या क्षणी मी चार वाक्यं बोलले असते तर वर्गाने टाळ्या वाजवल्या असत्या, आणि ती चारही वाक्यं मनापासूनची असती.

मोह तिथेच असतो. मनापासून वाटणाऱ्या वाक्यात.

पहिलं महायुद्ध सुरू असताना, १९१७ साली, माक्स वेबर नावाचा जर्मन समाजशास्त्रज्ञ म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांसमोर बोलला होता. वर्गातल्या व्यासपीठावर प्रेषिताने किंवा पुढाऱ्याने उभं राहू नये, असं त्याचं सांगणं होतं. कारण समोर बसलेल्यांना तिथे उलट उत्तर देण्याची मोकळीक नसते. आणि शिक्षकाचं पहिलं काम कुठलं, तर विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या पक्षाला गैरसोयीची असणारी वस्तुस्थिती पाहायला शिकवणं. वाचलं होतं तेव्हा मला तो माणूस जरा थंड वाटला होता. त्या डिसेंबरात, पेटलेल्या वर्गासमोर उभी असताना, त्या थंडपणातली माया दिसली.

मी त्या मुलाला विचारलं, "तुझे मामा मुंबईला काय करतात?"

"डबे पोचवतात." जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, या तालुक्यांनी मुंबईला डबेवाले दिलेत, प्रत्येक वर्गात कुणाचा ना कुणाचा मामा, चुलता, आजोबा त्या पांढऱ्या टोपीखाली असतोच.

"मामी कांदा कसा घेते? गोणीने?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "पावशेर-अर्धा किलो." मग आणखी थोडा वेळ. बाकावर ऊन सरकत होतं. मामीच्या खोलीतली एक खिडकी, तिच्या हातातली छोटी पिशवी, भाव ऐकून मागे घेतलेला हात, सगळं त्याच्या चेहऱ्यावर उमटत गेलं. राग गेला नाही. जायलाही नको होता. पण रागाला खोली आली. तो म्हणाला, "मग मामीला स्वस्त द्यायचा तर सरकारने आमच्याकडून रास्त भावात घेऊन द्यावा. बंदी करून माझ्या बापाच्या खिशातून कशाला?" पुस्तकात जे प्रकरण अनेक पानांत आहे, ते त्याने दोन वाक्यांत उघडलं होतं. मी काहीच सांगितलं नव्हतं. फक्त त्याच्याच घरातलं दुसरं दार ढकललं होतं.

खरी कसोटी पुढे होती. खिडकीशी बसणारा एक मुलगा हळूच म्हणाला, बंदी बरोबरच आहे. शहरात महागाई वाढली तर देशाचं नुकसान होतं. वर्ग हसला. ते हसू चांगलं नव्हतं. त्याचं घर कुठल्या पक्षाचं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि आता तो एकटा पडला होता, कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता. मला त्याचं म्हणणं पटत नव्हतं. म्हणूनच उठून त्याच्या बाजूला जाणं भाग होतं. त्याला जे नीट मांडता आलं नव्हतं ते मी जास्तीत जास्त बळ देऊन मांडलं: महागाईचा चटका सगळ्यात आधी कुणाला बसतो, सरकारच्या हातात त्या घडीला कुठली साधनं असतात, उशीर केला तर काय होतं. वर्ग ऐकत राहिला. तो मुलगाही ऐकत राहिला, आपलाच विचार दुसऱ्याच्या तोंडून, न हसता उच्चारला जाताना. तास संपल्यावर तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी तो खिडकी सोडून मधल्या बाकावर बसला.

संध्याकाळी घरी परतताना खोडदच्या बाजूच्या दुर्बिणी दिसल्या की मी गाडी हळू करते. तीस रेडिओ दुर्बिणी, प्रत्येक तबकडी पंचेचाळीस मीटर रुंदीची, तारांच्या जाळीची, आभाळाकडे तोंड केलेली. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या अतिशय क्षीण लहरी त्या टिपतात, आणि जवळपासच्या साध्या उपकरणांचा गलकाही त्या लहरींना बुडवू शकतो, म्हणून आसपासच्या उद्योगांवर बंधनं आहेत. पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग बदलण्यामागेही त्यांचंच कारण सांगितलं गेलं आणि त्यावरून खोऱ्यात केवढा संताप उसळला. तो संताप मला समजतो. रेल्वे आम्हालाही हवी आहे. तरी मावळतीच्या केशरी उजेडात त्या सगळ्या तबकड्या एकाच दिशेला वळलेल्या पाहिल्या की वर्ग आठवतो. तिथे सगळ्यात मोठा आवाज माझा असतो. फळा माझा, हजेरी माझी, गुण माझे. मी शांत झाले नाही तर मागच्या बाकावरून निघालेली लहर पोचायची कशी?

इतिहासाकडे वळले की मला आगरकर दिसतात. मूर्ती म्हणून नाही, सकाळी वर्गावर जायला निघालेला एक दमेकरी मास्तर म्हणून. १८९१ साली संमतिवयाच्या विधेयकावरून पुणं दुभंगलं होतं. मुलीचं संमतीचं वय दहावरून बारा करायचं, एवढीच ती गोष्ट, पण घराघरांत ठिणग्या उडत होत्या. टिळक आणि आगरकर, ज्यांनी एकत्र शाळा आणि महाविद्यालय उभारायचं स्वप्न पाहिलं, ते दोन काठांवर गेले होते. टिळकांनी तर आदल्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती. सुधारकमधून आगरकर जे लिहीत होते त्याने चिडलेल्या लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. मला त्या यात्रेपेक्षा दुसऱ्या दिवसाची सकाळ जास्त छळते. फर्ग्युसनमधला तो वर्ग. समोरच्या मुलांपैकी कुणी त्या मिरवणुकीत होतं का? कुणाचे वडील होते का? आगरकरांनी हजेरी घेतली असेल तेव्हा एखादं हजर म्हणताना कुणाचा आवाज अडखळला असेल का? लेखणीतून आग ओतणारा तो माणूस वर्गात शिरताना उंबऱ्यापाशी काय ठेवून आत जात असेल? त्यांनी मत लपवलं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मला वाटत राहतं की ते मत ज्यांना सहन होत नव्हतं, त्यांच्या मुलांनाही ते त्याच जीव तोडून शिकवत असतील. चाळिशीही न गाठता, १८९५ साली ते गेले.

रघुनाथ धोंडो कर्वे तर गणित शिकवायचे. गणितात कुठली बाजू? मुंबईच्या विल्सन कॉलेजातल्या त्यांच्या वर्गात संततिनियमनाचं नावही निघायचं कारण नव्हतं. ते जे बोलत होते, लिहीत होते, ते वर्गाबाहेर. तरी १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. फळ्यावरची समीकरणं अचूक होती. अडचण माणसाच्या उरलेल्या आयुष्याची होती. पुढे त्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, पदरमोड करून, समाजस्वास्थ्य चालवलं, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांच्यासाठी कोर्टात उभे राहिले ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. शिक्षकाने विद्यार्थ्याशी न्यायाने वागावं हे आपण म्हणतो. शिक्षकाशीही कुणी न्यायाने वागायचं असतं, हे कर्व्यांच्या रिकाम्या झालेल्या वर्गाकडे पाहिलं की कळतं.

बाबासाहेब स्वतः १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी घेऊ नये म्हणून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. अर्थशास्त्रावरची त्यांची व्याख्यानं ऐकायला पुढे इतर महाविद्यालयांमधूनही विद्यार्थी यायचे. मला त्या पाण्याच्या भांड्याजवळ थांबावं लागतं. कारण पक्षपाताचा आरोप सगळ्यांवर सारखा होत नाही. लोकमान्यांवर भरभरून शिकवणाऱ्याला आपण अभ्यासू म्हणतो. तितक्याच प्रेमाने बाबासाहेब शिकवणाऱ्या सरांचं आडनाव आधी पाहिलं जातं, आणि मग स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतं, सर जरा एका बाजूचे आहेत. बहुसंख्यांचं मत हवेसारखं असतं, श्वासात असूनही दिसत नाही. दिसतं ते फक्त त्या हवेत न मिसळणाऱ्याचं मत. मी ज्या घरात जन्मले त्या घराची हवा मला अशीच मिळाली. ती कधी कुणी मत म्हणून मोजली नाही. वर्गात उभी असताना मला हे स्वतःला वारंवार सांगावं लागतं, कारण इतर कुणी ते मला सांगणार नाही.

आणि तासिका तत्त्वावरचे आमचे तरुण सहकारी? त्यांच्याबद्दल तर निःपक्षपातीपणाचे शब्द उच्चारतानाच जीभ जड होते. नेट-सेट झालेली, पीएच.डी.चा प्रबंध कपाटात ठेवलेली ही मुलं, तासावर पैसे, सुट्टीत काहीच नाही, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याचा भरवसा नाही. खेड्यापाड्यातल्या बहुतेक संस्थांच्या मागे कुठलंसं राजकीय घर असतं. त्या घरांनी ओसाड माळावर वर्ग उभे केले, मुलींना गावातच पदवीपर्यंत शिकता आलं, हे ऋण मी कधीही नाकारणार नाही. पण अशा ठिकाणी भाकरीच्या चिंतेने गप्प बसलेला शिक्षक तटस्थ दिसतो. त्याच्या गप्प बसण्याला संयम म्हणायला माझं मन धजत नाही. ज्याला बोलता येतं आणि तरी तो स्वतःचा आवाज खाली आणतो, त्याचा तो संयम. ज्याचा आवाजच काढून घेतलाय, तो मुलांना मोकळेपणाने बोलायला कसा शिकवणार?

या सगळ्या अंधूक वाटेवर एक पुस्तक माझ्या हाती दिव्यासारखं आहे, ग. प्र. प्रधान यांचं साता उत्तराची कहाणी. प्रधान सर फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवायचे. पक्के समाजवादी, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात, आणीबाणीत पुन्हा तुरुंगात, पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत. त्यांचा पक्ष कुठला, हे विचारायची कुणाला गरज नव्हती. आणि या माणसाने कादंबरी लिहिली ती अशी की वेगवेगळ्या विचारसरणींची माणसं आपापली कहाणी आपल्याच तोंडाने सांगतात. तुरुंगात गेलेला समाजवादी स्वतःच्या विरोधकांना आपल्या लेखणीतून बोलू देतो, त्यांच्या त्यागासकट, त्यांच्या श्रद्धेसकट. वाचताना जाणवत राहतं की वर्षानुवर्षं समोर बसलेल्या तरुण चेहऱ्यांकडे पाहूनच हे कान तयार झाले असणार. सरांचा झेंडा शेवटपर्यंत खाली आला नाही, आणि तरी त्यांच्या घरात सगळ्यांना बसायला जागा होती.

पुढे एका सत्रात अंतर्गत गुणांसाठी मी तोच रस्ता धरला. विषय एकच दिला: ज्याला तुम्ही कधीच मत देणार नाही, त्याची बाजू लिहा, आणि अशी लिहा की त्याला स्वतःला ती पटेल. मला पटायची गरज नाही. लिहून झाल्यावर वही आधी त्या बाजूच्या मुलाकडे जाईल. तो वाचून सांगेल, हो, आमचं म्हणणं असंच आहे. किंवा सांगेल, नाही, इथे आमच्यावर अन्याय झालाय. मग दुरुस्ती. मी फक्त त्यानंतर हातात घेईन.

वर्गात कुजबूज उसळली. कुणाला ते पाप वाटलं, कुणाला गंमत. पुढच्या बाकावरची एक मुलगी, जिच्या आजोबांनी पक्षासाठी आयुष्य वेचलंय, ती काळजीने म्हणाली, "मॅडम, लिहिता लिहिता मलाच पटायला लागलं तर?"

"तर तेही लिही."

"आणि घरी?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि तसं मी तिला सांगितलं. ती बराच वेळ खाली बघत बसली, मग तिने वहीचं कोरं पान उलगडलं. तेवढ्यात मधल्या बाकावरून आवाज आला. तोच, खिडकी सोडून आलेला मुलगा. "मॅडम, तुम्हीपण लिहा की. आमच्या बाजूचं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खुर्ची ओढून त्याच्या बाकाशी बसले, त्याच्याकडूनच एक पान मागून घेतलं.

"पाण्यापासून सुरू करा," तो म्हणाला. "आवर्तनाचा मुद्दा सोडायचा नाही. मी सांगतो तसं घ्या."

"सांग," मी म्हटलं, आणि लिहायला लागले.